डाव्या हाताची करंगळी

माझ्या वडिलांच्या डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांपासून सुटायला लागली आहे, हे सगळ्यांत आधी मी पाहिलं. मी आधी पाहिलं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना ते कळायला हवं होतं, त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही. आमच्या नातेवाइकांत आजही सांगतात, की अप्पांचा आजार जावयानं ओळखला. ते खरं आहे. मी पाहिलं होतं, ओळखलं त्यांनी.

वालूरला आमचं कापडाचं दुकान होतं. निझामी राज्याची ती शेवटची काही वर्षं. लढाईमुळे कापडावर कंट्रोल होता, त्यामुळे दुकानात माल थोडा आणि बसून राहणं जास्त. मी चोवीस वर्षांचा होतो, मॅट्रिक होऊन दुकानात बसलेला. अप्पा पंचावन्नच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार केले होते. त्यांची मान आखूड आणि जाड होती. कापड फाडणारा त्यांचा हात गावात नावाजलेला होता. कात्रीनं काठाला एक खाच द्यायची आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात फाडायचं. रेघ मारल्यासारखं कापड सरळ फाटत जाई. हे मला कधीच तितकं चांगलं जमलं नाही.

आमचं घर लिंगायत. गळ्यातलं लिंग रोज सकाळी अंघोळीनंतर चांदीच्या चौक्यातून, म्हणजे डबीतून, काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाण्याची धार धरायची, मग भस्म, बेलपान, आणि शेवटी त्याच्याकडे एकटक पाहत बसायचं. अप्पांना या पूजेला पाऊण तास लागे. धार सोडायचं काम माझं होतं. पाच-सहा वर्षं मी रोज त्यांच्या डाव्या बाजूला बसत होतो. त्यांची चार बोटं एकमेकांना चिकटलेली असत आणि तळहाताची वाटी झालेली असे. पाणी त्या वाटीत साठून मनगटाच्या बाजूनं ताम्हणात पडे.

एका सकाळी ते करंगळीच्या बाजूनं पडलं. पाटाच्या कडेला ओल आली म्हणून मी पाहिलं. करंगळी शेजारच्या बोटापासून सुटली होती. मधे गव्हाचा दाणा बसला असता इतकी फट होती. मी पाहत असतानाच ती आणखी सरकली. अप्पांची नजर लिंगावर होती, त्यांना पत्ता नव्हता. मी ताम्हण दोन बोटं बाहेर सरकवलं. पाणी पुन्हा ताम्हणात पडायला लागलं. मी कुणाला काही बोललो नाही.

न बोलण्याचं कारण साधं होतं. घरात तब्येतीचा विषय निघाला, की पुढचं वाक्य ठरलेलं असे: "दाजी येऊ द्या, त्यांना दाखवू." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते परभणीला डॉक्टर होते. मलाही हैदराबादला जाऊन तेच शिकायचं होतं. अप्पा तेव्हा म्हणाले होते, "दुकान कोण बघल?" त्याच वर्षी त्यांनी अक्काचं लग्न हैदराबादेत डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाशी ठरवलं आणि लग्नात त्याला सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ दिलं. गावात तसं घड्याळ दुसरं नव्हतं. दाजी आले की आई जपून ठेवलेली सतरंजी काढी. अप्पा त्यांना पाऊसपाण्यापासून लढाईपर्यंत सगळ्याबद्दल मत विचारत. माझं मत त्यांनी विचारलेलं मला आठवत नव्हतं. घराचा मी एकुलता मुलगा होतो आणि सतरंजीवर दुसरा कुणी बसत होता. अप्पांच्या डाव्या बाजूची ती पाऊण तासाची जागा तेवढी माझी होती. तिथलं काही दाजींच्या हाती देण्याची माझी इच्छा नव्हती.

श्रावणात आमच्या घराण्याचे गुरू मुक्कामाला आले. वृद्ध जंगम स्वामी. सकाळी ते अप्पांच्या समोर पूजेला बसले. एव्हाना करंगळी चांगलीच लांब जात होती. स्वामींनी ते पाहिलं आणि पूजा झाल्यावर आईला म्हणाले, "बोट आपोआप सुटायलंय. देहाचं भान सुटाया लागलं की असं व्हतं, माय. साधना पोचली."

आईनं हे दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं. आमच्यात सकाळच्या पूजेला हात कसा धरतो यावर माणसाची पारख होई. हात थरथरला, लिंग कलतं झालं, तर म्हातारी माणसं टोकत. पण बोट आपोआप सुटणं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. लोक सकाळी येऊन बसू लागले. शेजारचे किराणा दुकानदार एकदा म्हणाले, "अप्पा, आमचं तर रोज गिऱ्हाईकच सुटायलंय. बोट कवा सुटायचं?" अप्पा हसले, पण त्यांना ते आवडत होतं. मलाही आवडत होतं. या कौतुकात दाजींचा काही वाटा नव्हता.

याच काळात कापड वाकडं फाटायला लागलं. अप्पा कंट्रोलच्या कापडाला दोष देत. कोटाची बटणं ते लावेनासे झाले, उघडाच कोट घालत. ते उकाड्यामुळे असेल असं आम्ही धरून चाललो. दुकानाची पायरी उतरताना ते दाराच्या चौकटीला हात लावत. तेही माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

दिवाळीला अक्का आणि दाजी आले. पाडव्याच्या सकाळी दाजी आपलं लिंग घेऊन अप्पांच्या समोर बसले. त्यांची पूजा लवकर आटोपली. नंतर ते अप्पांच्या हाताकडे पाहत राहिले. मी धार सोडत होतो. त्यांनी मी सरकवलेल्या ताम्हणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. 

फराळ करताना ते म्हणाले, "मामा, जरा दोन्ही हात समोर धरा. पालथे. बोटं जुळवून."

"कशाला? अंगठ्या करायच्यात का दिवाळीच्या?"

"धरा तर खरं. आन् डोळे मिटा."

अप्पांनी हात धरले. दाजींनी मनात आकडे मोजले असावेत. वीसेक मोजून होईपर्यंत डावी करंगळी बाजूला गेली आणि थोडी खाली लोंबली.

आई म्हणाली, "स्वामी म्हणले तेच की. बघा कसं आपोआप सुटायलंय."

"मामी, पूजेत सुटलं तर समजू शकतो," दाजी म्हणाले. "हे तर चकली खाताना बी सुटायलंय."

अक्का हसली. आई हसली नाही.

मग दाजींनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. मूठ घट्ट मिटायची, पूर्ण उघडायची, पुन्हा मिटायची, जमेल तितक्या लवकर. काटा दहा सेकंद फिरेपर्यंत. आधी त्यांनी स्वतः करून दाखवलं, चोवीस वेळा. नंतर मला करायला सांगितलं. मी जोर लावला. पंचवीस झाले. एकानं का होईना, मी पुढे होतो, आणि त्या क्षणी मला तेवढंच दिसत होतं. मग अप्पांनी केलं. उजव्या हातानं सतरा, डाव्यानं बारा. डाव्या हाताची बोटं पूर्ण उघडत नव्हती. ती उघडावीत म्हणून अप्पा मनगट खाली वाकवत होते. मी तो हात रोज वितीवरून पाहत होतो. मनगटाची ही लबाडी मी पाहिली नव्हती.

घराच्या पुढच्या भागातच दुकान होतं, तिथं शहाबादी फरशी होती. तिच्या सांध्यावरून दाजींनी अप्पांना चालायला लावलं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून. चौथ्या पावलाला अप्पांनी कापडाच्या फळीचा आधार घेतला.

"ही चाल तर गुत्त्यावरची झाली," ते म्हणाले.

दाजींनी त्यांना बसवलं. पिशवीतून छोटी रबरी हातोडी काढून गुडघ्याखाली टिचकी मारली. पाय उडाला आणि पुढचं पितळी तबक आडवं झालं. मग त्यांनी अप्पांचं मधलं बोट धरून त्याचं नख झटक्यात खाली दाबून सोडलं. अंगठा आपोआप आत वळला. दाजी आता हसत नव्हते.

"मान खाली घातल्यावर काही व्हतं का, मामा?"

अप्पा म्हणाले, "पाठीतनं मुंग्या उतरत्यात. कोपर आपटल्यावानी. कमरेपस्तोर."

"कवापासनं?"

"उन्हाळ्यापासनं असंल."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. उन्हाळ्यापासून मी रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसत होतो. दाजी सणासुदीला तेवढे येत, त्यांनी विचारलं आणि यांनी सांगितलं. आजाराच्या आधी मला झोंबलं ते हे.

दाजींनी समजावून सांगितलं. मेंदूतून निघालेली जाड दोरी मानेच्या मणक्यांतून खाली उतरते. हात आणि पाय तिच्यावर चालतात. मानेत ती कुठंतरी दबली जाते आहे. "आता नुसती सुरुवात हाय म्हणून बोटाला आन् चालीला कळायलंय. आत्ताच हैद्राबादला नेऊन दाखवू. उशीर झाला तर गेलेलं परत येत न्हाई. आधी हात जातो, मग पाय."

आई उठून आत गेली. आतूनच म्हणाली, "स्वामींचं बोलणं खोटं पाडायचं का आता?"

अप्पांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं रे? तू तर रोज बाजूला बसतूस."

त्यांनी माझं मत विचारण्याची ती पहिली वेळ. त्यांना नकार हवा होता, हे मला दिसत होतं. दाजी माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, "वात असंल, अप्पा. थंडीनं व्हतं. हैद्राबाद कशाला?"

"तेच म्हणतो मी," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघताना दाजींनी मला गाडीजवळ बोलावलं. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "दर सोमवारी पूजा झाल्यावर डाव्या हाताची मूठ मोजा. दहा सेकंद. वहीत लिहून ठेवा. मी चुकलो असंल तर आकडा हाय तिथंच राहील. घसरला तर एक दिवस थांबू नका."

मी घड्याळ मनगटावर बांधलं. पट्टा त्यांच्या मनगटाच्या भोकावर वाकलेला होता. मी एक भोक आत घेतलं.

ते काम मी नेमानं केलं. हेतू त्यांना चूक ठरवण्याचा होता, त्यामुळे मोजण्यात हलगर्जीपणा केला नाही. बारा, बारा, तेरा, बारा. दर सोमवारी आकडा, त्यापुढे तिथी. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो, तिथं घटना आणि तिचा अर्थ वेगळे ठेवायला शिकवलं गेलं. त्या वहीत मी ते आधीच करत होतो, अर्थ माझ्या मनात ठरलेला असूनही. दोन महिने आकडा हलला नाही. मी परभणीला पत्र लिहिलं: प्रकृतीत काही फरक नाही. पत्र लिहिताना मी खूश होतो.

संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी दहा भरले. मी पुन्हा मोजलं. दहाच. अप्पांनी विचारलं, "किती?" मी बारा म्हणालो आणि वहीत बारा लिहिले. त्याच आठवड्यात दाजी गाडीनं सेलूवरून पुढे जाणार होते आणि अक्कासाठी तीळगूळ घेऊन मला स्टेशनवर जायचं होतं. वही दाखवावी लागणार होती. ते येतील, दहाचा आकडा बघतील, अप्पांना घेऊन जातील, आणि दिवाळीत मी जे बोललो ते घरात पुन्हा निघेल. एवढा सगळा विचार मी तेव्हा शब्दांत केला नाही. लेखणी बारावर गेली, एवढंच.

सेलूला गाडी थोडा वेळ थांबली. दाजींनी खिडकीतून वही घेतली आणि सगळी पानं पाहिली.

"बाराच की," ते म्हणाले. "मग चुकलो वाटतं मी. चांगलंच झालं. पुढच्या बारीला पेढे मी आणतो."

ते खरोखर खूश दिसत होते. स्वतः चुकल्याबद्दल माणूस इतका खूश होऊ शकतो, याची मला चीड आली. त्यांच्या जागी मी तसा झालो नसतो. गाडी सुटली आणि मी बैलगाडीनं वालूरला परत आलो.

पुढच्या सोमवारी नऊ. बारा लिहिले. त्याच्या पुढच्या सोमवारीही नऊ. तेव्हाही बाराच.

महाशिवरात्रीला अप्पा घरातून पायी देवळात निघाले. मी चार पावलं पुढे होतो. पाराजवळ बसलेल्या माणसांतला एक जण म्हणाला, "अप्पा, एका पायाचाच उपास हाय का आज?"

लोक हसले. अप्पांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा पायाकडे पाहिलं. चप्पल शंभर पावलं मागे पडली होती. इतकं अंतर ते फुफाट्यातून, खड्यांवरून अनवाणी आले होते आणि पायाला कळलं नव्हतं. तेही हसायला लागले, पण मधेच थांबले. देवळाच्या दुसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा मुडपला आणि ते तिथंच बसले. मी चप्पल आणायला मागे गेलो. ती उचलताना मला वहीतले ते तीन आकडे आठवत होते.

घरी आल्यावर मी वही काढली. तीन बारांवर एकेक रेघ मारून शेजारी खरे आकडे लिहिले. दहा, नऊ, नऊ. पान फाडून नव्यानं लिहिता आलं असतं. ते मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सेलू गाठून परभणीची गाडी धरली.

दाजी दवाखान्यात होते. मी वही आणि घड्याळ दोन्ही टेबलावर ठेवलं. त्यांनी पान पाहिलं.

"हे कवा बदललं?"

"काल."

"सेलूला मी पाहिलं तवा?"

"तवा बारा लिहिलेलं होतं. भरलं होतं दहा."

त्यांनी वही मिटली. मग घड्याळ मनगटावर चढवलं, पट्टा आपल्या भोकावर नेला आणि उठले. "मामाला घेऊन परवा हैद्राबादची गाडी धरू," ते म्हणाले. त्यापुढे त्या पानाबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. माझ्याशी नाही, अक्काशी नाही, अप्पांशी तर नाहीच. त्यांनी एकदा जरी माझं नाव काढलं असतं तरी मला हलकं वाटलं असतं. त्यांचं ते गप्प राहणं मला त्यांच्या डॉक्टरकीपेक्षा जास्त सलत आलं आहे.

हैदराबादला तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याच तपासण्या केल्या. हात समोर, मूठ, सरळ रेघेवरची चाल, हातोडी. डाव्या मुठीचे आता आठ भरले. ते दाजींना म्हणाले, "पाँव बच जाएँगे. हाथ का वादा नहीं करता. दो महीने पहले लाते तो बात और थी." दाजींनी मान डोलावली. मी त्यांच्या मागे उभा होतो. दोन महिन्यांपूर्वी म्हणजे संक्रांतीच्या आधी, मुठीचे खरोखर बारा भरत होते तेव्हा.

मानेच्या मागून हाड काढून आतली जागा मोकळी केली. अप्पा दीड महिना तिथंच होते. गळ्याला चामडी पट्टा होता, मान हलवायची नव्हती. उन्हाळ्यात घरी आले तेव्हा काठी घेऊन चालत होते आणि पुढे बरीच वर्षं चालले. दुकानाची पायरी चौकटीला हात न लावता उतरत. डाव्या हातात मात्र जोर आला नाही. कात्री माझ्याकडे आली. स्वामी पुन्हा एकदा येऊन गेले. करंगळीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आम्हीही काही काढलं नाही.

गावातून, नात्यातून लोक भेटायला येत. अप्पा सगळ्यांना तेच सांगत: "जावयानं ओळखलं. चकली खाताना ओळखलं." चकलीचं सांगताना हसत. हे मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. दर वेळी मी दुकानात काहीतरी काम काढून बाहेर जाई.

पूजेला अप्पांच्या डाव्या तळहाताची वाटी होईना. मग मी माझा तळहात त्यांच्या हाताखाली धरू लागलो आणि माझ्या करंगळीनं त्यांची करंगळी आत दाबून ठेवू लागलो. धार आता आई सोडायची. हे रोज चाले. दाजी आले की अप्पा म्हणत, "आज जावईबापू धरतील." त्या दिवशी मी समोर बसे आणि त्यांच्या हाताखाली दाजींचा हात पाहत राही. दाजींची पकड माझ्यापेक्षा सैल होती. थोडं पाणी सांडे. अप्पांना त्याचं काही वाटत नसे.

अशाच एका सकाळी, दाजी परभणीला परत गेल्यावर, पूजा झाली आणि अप्पा लिंग चौक्यात ठेवत होते. एका हातानं त्यांना झाकण लावता येईना म्हणून मी लावून दिलं. ते म्हणाले, "एक विचारतो. तू तर रोज बाजूलाच बसायचास. धार तूच सोडायचास. दाजींच्या, स्वामींच्या बी आधी तुला दिसलं न्हवतं का रे?"

दिसलं होतं म्हटलं असतं, तर मी दाजींच्या आधीचा ठरलो असतो. सगळ्यांच्या आधीचा. त्या एका गोष्टीत तरी. मग ताम्हण का सरकवलं, हेही सांगावं लागलं असतं. मी झाकण बसवलं.

"न्हाई, अप्पा," मी म्हणालो.

"असंल," ते म्हणाले. "दाजींची नजरच येगळी."